गोरी मॅडम प्रभातफेरीत कुठं चालणार? (वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं)

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये जवळपास सगळेच फेरी, परेड, झेंडा यावर आहेत, जानेवारीचा अंक म्हटल्यावर ते होणारच. चार पत्रं घेतली, त्यातलं पहिलं सगळ्यात किचकट म्हणून त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : गुरुजी नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. एका संस्थेमार्फत नॉर्वेची एक मुलगी महिनाभरासाठी पोरांना इंग्रजी शिकवायला आली आहे, पगार वगैरे काही नाही, तालुक्याला एका घरी राहते अन आमच्या मॅडमच्या स्कुटीवर मागं बसून रोज येते. पोरं तिला गोरी मॅडम म्हणतात. आता २६ जानेवारीच्या प्रभातफेरीत मी पण चालू का असं तिनं स्वतःच विचारलं. यात विचारायचं काय असं मला वाटलं पण मीटिंगमध्ये सगळं बिनसलं. सरपंचताईंचे मिस्टर म्हणतात तिला सगळ्यात पुढं ठेवा, हातात तिरंगा द्या, मी बॅनर छापतो. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणतात परदेशी माणसाच्या हातात आपला झेंडा नको, उद्या काही झालं तर निस्तरणार कोण. हेडसर म्हणतात भानगडच नको, प्रमुख पाहुणी करून खुर्चीवर बसवा, अन पोलिसांचं काही लागते का ते पण बघा. त्यात ती म्हणते मी माझ्या देशाचा छोटा झेंडा आणू का. ड्रेसचं पण विचारत होती. काय सांगू तिला?
— एक सहायक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : चालू द्या ना सर तिला. फक्त पुढं नाही अन खुर्चीवर तर नाहीच नाही, लाईनीत, पोरांसोबत. ती पाहुणी म्हणून आली असती तर गोष्ट वेगळी होती, ती शिक्षिका म्हणून आली आहे अन प्रभातफेरीत शिक्षकाला काम असते. तेच काम तिला द्या म्हणजे तुमच्या मीटिंगमधली अर्धी भांडणं आपोआप मिटतात.

काम काय असते ते तुम्हाला माहीतच आहे पण मीटिंगमधल्या मोठ्या लोकांना कोणीतरी सांगायला पाहिजे. सकाळची थंडी, पोरं डोक्याला तेल थापून आलेली, युनिफॉर्म दिसला पाहिजे म्हणून सर स्वेटर काढायला लावतात अन माय घरून ओरडते की काढू नको, पहिलीतल्या एखाद्याची चप्पल पारापाशीच तुटते, दुसरीतली एक पोरगी आपलं घर आलं की लाईन सोडून सरळ घरात घुसते, मागून कापसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत असतो कारण त्याला जिनिंगला नंबर लावायचा असते, त्याला साईड द्यायची तर सगळी लाईन नालीकडे सरकवावी लागते. घोषणा देणारा पोट्टा पुढच्या चौकात अन मागची पोरं अजून मागच्याच घोषणेत. ही सगळी मजा शेवटच्या टोकाला असते, पुढं फक्त फोटो असतात. तर तिला पहिली-दुसरीच्या मागं ठेवा, सोबत तुमच्या मॅडम, दोघींच्या मधात पोरं. रस्त्याच्या बाजूनं मोठं माणूस अन घरांच्या बाजूनं पोरं, एवढा एक नियम तिला आधी सांगून ठेवा, अन आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात हे पण सांगा, तिच्याकडे उजवीकडून चालतात.

अन तिला फेरी शिकवावी लागेल असं समजू नका बरं. नॉर्वेची पोरगी म्हणजे ती लहानपणापासून फेरीत चाललेली असणार. त्यांचा राष्ट्रीय दिवस १७ मे, १८१४ साली त्या दिवशी आइड्सवोल नावाच्या गावी त्यांची राज्यघटना झाली, म्हणजे आपल्या २६ जानेवारीसारखाच घटनेचा दिवस. अन त्या दिवशी तिथं काय असते तर शाळेच्या पोरांची मिरवणूक, तीच मेन. आपण दिल्लीची परेड टीव्हीवर बघतो, रणगाडे, विमानं, ते सगळं आपल्या जागी भारीच आहे, त्यांच्याकडे मात्र राजधानीत सुद्धा पोरंच चालतात, प्रत्येक शाळेचा आपला बॅनर, आपला बँड, हातात छोटे झेंडे, ओस्लोत ही मिरवणूक राजवाड्यासमोरून जाते अन राजाचं कुटुंब गच्चीत उभं राहून हात हलवते. मोठी माणसं आपापल्या भागातला पारंपरिक पोशाख घालतात अन पोरं दिवसभर आईस्क्रीम खातात. म्हणजे दारव्ह्याच्या खेड्यातली प्रभातफेरी तिच्या ओळखीची आहे, दिल्लीची परेड कदाचित तिला परकी वाटेल. २५ तारखेला शेवटच्या तासाला तिला वर्गात उभं करा अन आमच्याकडे कसं असते ते पोरांना सांग म्हणा, मोबाईलवर फोटो असतीलच तिच्याकडे. मोडकंतोडकं इंग्रजी अन हातवारे, पोरं समजून घेतात, मोठ्यांनाच अडचण होते.

घोषणा पण शिकवा. 'एक रुपया चांदीचा' तिला म्हणू द्या, 'देश आमचा गांधीचा' पोरं म्हणतील. ती रुपयाला काहीतरी भलतंच म्हणेल, पोरं हसून लोळतील, हसू द्या. अन ते गोरी मॅडम तेवढं बंद करा. पोरं वाईट मनानं नाही म्हणत, मान्य, पण मोठ्यांनी तरी तिच्या नावानं हाक मारली पाहिजे, नावाला मॅडम जोडा, पोरं आठ दिवसात वळतात.

आता झेंडा. मिरवणुकीत तिरंगा कुठं असावा हे फ्लॅग कोडमध्ये स्पष्ट आहे (हा कोड २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे), चालणाऱ्या लाईनीच्या उजव्या बाजूला, किंवा बाकीचे पण झेंडे असतील तर त्यांच्या रांगेच्या पुढं बरोबर मधोमध. केशरी वर, झेंडा मळका-फाटका नको, जमिनीला टेकायचा नाही, कोणासमोर वाकवायचा नाही. आधी हातानं कातलेल्या-विणलेल्या कापडाचाच लागायचा, डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर पॉलिस्टरचा अन मशीनवरचा पण चालतो. प्लास्टिकचा चालत नाही, तरी दरवर्षी पानठेल्यावर लटकलेले दिसतातच. पोरांच्या हातात कागदी द्या, ते चालतात.

तर मुख्य झेंडा कोणाकडे? माझं मत विचाराल तर सातवीच्या पोरापोरींकडे. ती नॉर्वेची आहे म्हणून नाही म्हणत मी, सरपंचताईंचे मिस्टर असले तरी हेच म्हणेन, फेरी पोरांची आहे. तिच्या हातात पोरांसारखाच एक छोटा कागदी तिरंगा असला तर अध्यक्ष साहेबांनी एवढं घाबरायचं कारण नाही, मानानं धरला म्हणजे झालं. अन तिला एक जबाबदारी मात्र जरूर द्या. फेरी संपल्यावर कागदी झेंडे कुठं कुठं पडतात ते तुम्ही बघितलंच असेल, नालीत, पाण्याच्या टाकीपाशी, जिलेबीच्या कागदांमध्ये. चौथीची पाच-सहा पोरं तिच्यासोबत द्या, फेरी आली त्याच रस्त्यानं परत जायचं अन पिशवीत झेंडे गोळा करायचे. कोडमध्ये पण हेच आहे, जमिनीवर फेकायचे नाहीत, नंतर एका बाजूला नीट, मानानं विल्हेवाट लावायची. हे काम आपले लोक करत नाहीत, तिनं केलं तर बघून चार जण लाजतील तरी.

तिच्या देशाचा झेंडा फेरीत नको. मनाई करायची म्हणून नाही, दोन देशांचे झेंडे सोबत म्हटलं की आकार सारखा पाहिजे, कोण उजवीकडे, काठी वेगळी, सतरा नियम येतात अन चूक झाली की गावातला एखादा व्हिडिओ काढायला तयारच असते. वर्गात जगाच्या नकाशाशेजारी लावू द्या, पोरं चित्र काढतील.

ध्वजारोहणाच्या वेळी तिनं सगळ्यांसारखं झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, त्यानंतर आपलं राज्यगीत (१९ फेब्रुवारी २०२३ पासून ते पण आहे), म्हणजे लगेच खाली बसायचं नाही हे आधी सांगा. उद्देशिका वाचताना तिनं नुसतं उभं राहिलं तरी पुरे, 'आम्ही भारताचे लोक' तिच्याकडून वदवून घ्यायची हौस कोणाला आली तर त्याला आवरा. वेळेचं पण बघा, मुख्य शासकीय कार्यक्रम सव्वानऊला असते अन साडेआठ ते दहाच्या मधात बाकीच्यांनी झेंडावंदन ठेवायचं नसते, म्हणून शाळेचं साडेआठच्या आत उरकलं पाहिजे अन फेरी त्याच्याही आधी निघाली पाहिजे, म्हणजे तिला तालुक्यावरून पहाटेच आणावं लागेल, त्यापेक्षा आदल्या रात्री तुमच्या मॅडमच्या घरी मुक्कामी ठेवा.

पोलिसांचं हेडसरांनी विचारलं ते बरं केलं. फेरीत चालायला काही लागत नाही, पण परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला की घरमालकानं २४ तासांच्या आत ऑनलाईन माहिती भरायची असते. हे त्या तालुक्याच्या घरच्यांचं काम आहे, शाळेचं नाही, तरी भरली का ते विचारून घ्या. दुसरं व्हिसाचं. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी सेवाकाम जास्तीत जास्त एक महिनाच करता येते. महिनाभर म्हणून आली अन पोरांना आवडली म्हणून अजून दोन महिने थांब असं गावानं लाडानं म्हणायचं, त्यात तिचीच अडचण होते. जास्त दिवस राहून संस्थेसोबत काम करायचं तर वेगळा व्हिसा काढून यावं लागते.

ड्रेस साधा सलवार-कुर्ता, पायात बूट, वरून स्वेटर. तिला थंडी वाजणार नाही, आपल्यालाच वाजते, पण फेरीनंतर दहा वाजता ऊन लागते म्हणून टोपी ठेवा अन उकळलेल्या पाण्याची बाटली. साडी नेसवून गावभर मिरवायची कल्पना कोणीतरी काढेलच, तिलाच नेसायची असेल तर नेसू द्या, पण चालताना निऱ्या सांभाळायच्या की पहिलीची पोरं सांभाळायची हे तिला आधी विचारा. फोटोचं एक लक्षात ठेवा, तिच्यासोबत सेल्फी काढायला अर्धं गाव येईल, ते फेरी संपल्यावर, पारावर, दहा मिनिटं. अन तिनं पोरांचे फोटो इंटरनेटवर टाकायच्या आधी शाळेला अन मायबापाला विचारायचं, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

अध्यक्ष साहेबांना माझा नमस्कार सांगा अन म्हणा की परदेशी शिक्षक विदर्भाला नवे नाहीत. सेवाग्रामला नई तालीमच्या (गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या) कामात मार्जोरी साइक्स होत्या, इंग्लंडच्या, १९२८ ला मद्रासकडे शिकवायला आल्या, मग शांतिनिकेतन, १९४९ पासून सेवाग्राम, अन पुढं भारताचं नागरिकत्व घेतलं. आनंदवनात सुरुवातीच्या काळात बाबा आमट्यांकडे कितीतरी देशांची पोरं येऊन विटा-माती वाहून गेली. त्यांना कोणी खुर्चीवर बसवलं असतं तर भिंती कोणी बांधल्या असत्या? राहिला बॅनर. छापायचाच असेल तर शाळेचं नाव अन २६ जानेवारी एवढंच छापा म्हणा, सौजन्य खाली बारीक.

प्रश्न : गुरुजी, माझी मुलगी बीएड झाली अन सहा महिन्यांसाठी थायलंडला एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेली आहे, सेवा म्हणून, राहणं-जेवण त्यांचं. तिथं शाळेच्या खेळांच्या आधी गावातून परेड निघते म्हणते, अन तिला पण चालायला सांगितलं. मी म्हटलं नऊवारी नेस, नथ घाल, कुरिअर करते. ती म्हणते आई मला टीशर्ट दिला आहे. आपली संस्कृती दाखवायची संधी अशी घालवायची का? शिवाय उन्हात चालवतात म्हणे, काळजी वाटते.
— एक आई, वरुड, जि. अमरावती

उत्तर : ताई, टीशर्ट घालू द्या. तिथल्या शाळांमध्ये खेळांच्या दिवशी पोरांच्या रंगाप्रमाणे टीमा पडतात, लाल, पिवळी, निळी, हिरवी, अन परेडमध्ये प्रत्येक रंग आपल्या बँडसोबत, सजूनधजून चालते. तिला टीशर्ट दिला म्हणजे एका रंगानं तिला आपली मानलं, यापेक्षा मोठा मान कोणता पाहिजे? ती नऊवारी नेसून आली तर सगळे फोटो काढतील अन ती एकटीच वेगळी चालेल. अन खरं सांगा, नऊवारी तुम्ही तरी रोज नेसता का? आमच्या आईचं लुगडं होतं, आमच्या सौभाग्यवती पाचवारीवाल्या, अन नथ तर आपल्या वऱ्हाडात आता फोटो काढण्यापुरतीच निघते. शाळेनं स्वतःहून तुमच्या देशाचा पोशाख घाला म्हटलं तर सुती साडी, पिना लावून, खाली चपलेऐवजी बूट. नाही म्हटलं तर टीशर्ट.

आपलं काही दाखवायचंच असेल तर तिला लेझीमचे हात येत असतील ना, शाळेत केलंच असेल. लेझीम पाठवू नका, जड असते. नुसत्या टाळ्यांवर आठ आकडे शिकव म्हणा पोरांना, तिच्या टीमची पोरं चालता चालता करतील. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डी दाखवून आली, तेव्हा कुठं मोबाईल होता का कुरिअर होतं, अंगातला खेळ घेऊन गेले अन परत आले.

तिथल्या चालीरीती तिला एव्हाना कळल्या असतील तरी फोनवर आठवण द्या. लाडानं सुद्धा पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, आपण आशीर्वाद म्हणून ठेवतो, तिथं ते वाईट दिसते. पाय कोणाकडे करून बसायचं नाही. सकाळी आठला अन संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की जिथं असेल तिथं थांबायचं. राजाबद्दल गमतीनं पण काही बोलायचं नाही, कायदा फार कडक आहे. बाकी नमस्कार आपल्यासारखाच हात जोडून.

काळजी उन्हाची नका करू, वरुडच्या मे महिन्यात वाढलेली पोरगी आहे तुमची. काळजी करायची तर कागदांची करा. थायलंडमध्ये बिनपगारी सेवाकाम पण कामच धरतात, टुरिस्ट म्हणून जाऊन शिकवता येत नाही, योग्य व्हिसा अन वर्क परमिट लागते. संस्थेनं ते केलं आहे का हे तिला आजच विचारा, परेडच्या आधी.

प्रश्न : आमच्या वेळी प्रभातफेरी म्हणजे खंजिरी, टाळ अन भजन. आता बंडीवर डीजे बांधतात, अन त्यावर कोणतं पण गाणं. लहान पोरांच्या कानाचं काय होत असेल. शाळेवाल्यांना तुम्ही काही बोलत नाही का?
— गुरुदेव सेवा मंडळाचे एक जुने कार्यकर्ते, तिवसा तालुका

उत्तर : बोलतो ना बाप्पा, ऐकतो कोण! जय गुरु. तुमच्या तालुक्यात मोझरी आहे, तुम्हाला मी काय सांगू, तुकडोजी महाराज १९५५ ला जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले ते भजनाच्याच जोरावर. अन प्रभातफेरी ही स्वातंत्र्याच्या लढ्यातली गोष्ट, १९३० साली पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला त्या काळात गावोगाव पहाटे माणसं गात निघायची, डीजे नसल्यानं काही अडलं नाही. पण शाळेला दोष देऊन उपयोग नाही, डीजे गावातला एखादा हौशी फुकट देतो अन मास्तरला नाही म्हणता येत नाही. तुम्ही असं करा, तक्रार करण्यापेक्षा २० तारखेपासून रोज अर्धा तास शाळेत जा, पाचवीची दहा पोरं घ्या, खंजिरी शिकवा. पोरांच्या हातात काही वाजवायला असलं की तेच म्हणतात डीजे बंद करा, आमचं ऐकू येत नाही.

प्रश्न : गुरुजी मी सातवीत आहे. आमच्या शाळेत फेरीत मोठा झेंडा दरवर्षी मुलाकडेच देतात, सर म्हणतात काठी जड आहे अन तू बुटकी आहे. मला धरायचा आहे. सरांना कसं सांगू?
— सातवीतली एक मुलगी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : बेटा, वर मी नॉर्वेच्या फेरीचं लिहिलं ते वाच. त्यांच्या राजधानीत शाळेच्या पोरांची ही मिरवणूक १८७० ला सुरू झाली तेव्हा फक्त मुलंच चालायची, मुलींना १८८९ ला घेतलं, म्हणजे जवळपास वीस वर्षं तिकडच्या मुली कडेला उभ्या राहून बघत होत्या. अन आपल्याकडे सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवलं. सरांना हे भाषण म्हणून नको सांगू, सर चिडतील, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, बालिका दिन, त्या दिवशी कार्यक्रम झाला की सर खुशीत असतात तेव्हा विचार. एकटी नको जाऊ, मैत्रिणीला घेऊन जा, अन म्हण की आम्ही दोघी मिळून आळीपाळीनं धरतो, अर्धं गाव मी, अर्धं गाव ही.

उंचीचं काही नाही, काठी लांब असते, झेंडा वरच राहते. वजनाचं मात्र सर खोटं बोलत नाहीत, वारा आला की कापड ओढते. घरी तेवढ्याच लांबीचा बांबू घे, वर जुनं ओलं फडकं बांध अन अंगणात चालून बघ, एक हात छातीपाशी, दुसरा खाली कमरेपाशी, कोपर अंगाला चिकटलेलं. थंडीत बोटं गारठतात, काठी घसरते, म्हणून धरायच्या जागी सुतळी घट्ट गुंडाळून घे, अन ती सरांना विचारूनच गुंडाळ, काठी शाळेची आहे.